पिकअप घ्यायची? आधी वजन मांडा, मग गाडी पाहा



सकाळी लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहा, नाहीतर टोमॅटोच्या हंगामात दुपारनंतर पिंपळगाव बसवंतला जा. ट्रॅक्टरच्या रांगेला लागून पिकअपची रांग दिसेल. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, कळवण, कुठलाही तालुका घ्या, बांधावर पिकअप आलीच. गावात एकाने घेतली की शेजाऱ्याच्या मनातही येते, "आपणही घ्यावी का?" घरातली तरुण पोरे तर आधीच रंग ठरवून मोकळी झालेली असतात.

गाडी घेणे वाईट नाही. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो, आणि मगच इसार देतो. सात-आठ लाखांचे कर्ज काढून गाडी घेताना मात्र शोरूममधल्या चहावर आणि छापील कागदावर भागवतो. हे बरोबर नव्हे. म्हणून या पत्रकात नवी पिकअप कशी निवडावी ते सांगत आहोत. अमुक कंपनीची घ्या, तमुक घेऊ नका, असे आम्ही सांगणार नाही. हिशोब कसा करायचा तेवढे सांगतो. निवड तुमची तुम्ही करा.

पहिला प्रश्न : गाडी लागतेच का?

शोरूमला जाण्याआधी घरी बसून वहीत वर्षाच्या फेऱ्या लिहा. समजा, तुमचा दोन एकर उन्हाळ कांदा आहे आणि एकरी १०० क्विंटल माल निघतो. म्हणजे २०० क्विंटल झाले. एका फेरीत १४ क्विंटल नेले तर १५ फेऱ्या होतात. एक एकर टोमॅटो असला तर दोन-अडीच महिने एक दिवसाआड तोडा, म्हणजे आणखी ३५-४० फेऱ्या. खते, औषधे, बांबू, तारा, किरकोळ कामे यांच्या मिळून १० धरा. सगळ्या मिळून ६०-६५ फेऱ्या झाल्या.

आता खर्च पाहा. आठ लाखांचे कर्ज, शेकडा १० व्याज, पाच वर्षांची मुदत असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये पडतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ दुरुस्ती यांचे महिन्याला सरासरी ५,००० धरा. झाले २२,०००. वर्षाचे २,६४,००० रुपये. यात डिझेल नाही, आणि गाडी घरचाच माणूस चालवतो असे धरले आहे.

आता समजा, तुमच्या गावात भाड्याची पिकअप एका फेरीला २,५०० रुपये घेते. तीच फेरी स्वतःच्या गाडीने केली तर ७०० रुपयांचे डिझेल जाते. म्हणजे दर फेरीला वाचले १,८००. वर्षाचे २,६४,००० भरून निघायला किती फेऱ्या व्हाव्यात? जवळजवळ १४७. आणि आपल्या तर होतात ६५!

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे भाडे, तुमचे अंतर, तुमचे पीक वेगळे असेल. ते घालून हीच रीत वापरा. कोणी म्हणेल, "पाच वर्षांनी हप्ते फिटतील, गाडी तर आपल्याच दारात राहील ना?" हे खरे आहे. तेव्हा तिचे जे मोल येईल ते वजा करून हिशोब थोडा हलका होतो. पण पाच वर्षे हप्ता भरायचा आहे तो आजच्या पिकातून, हे विसरू नका.

फेऱ्या कमी पडत असतील तर दोन मार्ग आहेत. एक, दोघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी घ्यावी. पण गाडी कोणाच्या नावावर, हप्ता कोण किती भरणार, तोड्याच्या दिवशी आधी कोणाचा माल जाणार, हे कागदावर लिहून ठेवावे. दुसरा मार्ग, गाडी भाड्याने चालवायची. मग तो वेगळा धंदाच झाला. त्याला माणूस पूर्ण वेळ लागतो. "शेती करून जमेल तसं भाडं मारू" म्हणणाऱ्यांचे बहुधा दोन्हीकडे दुर्लक्ष होते.

दुसरा प्रश्न : माल किती न्यायचा?

बाजारात पिकअप "सव्वा टनी", "दीड टनी", "१.७ टनी", "दोन टनी" अशा नावांनी ओळखली जाते. १.७ टनी म्हणजे १७ क्विंटल कांदा, असे आपण धरून चालतो. इथेच फसगत होते.

गाडीच्या आरसीवर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि एक भरलेल्या गाडीचे. भरलेल्या गाडीचे जे वजन लिहिले आहे त्यात सगळे आले. गाडी, माल, माणसे, वरचे लोखंडी कठडे, ताडपत्री, दोर, सगळे. या दोन वजनांतला जो फरक, तेवढाच भार गाडी कायद्याने आणि बांधणीने सोसते.

समजा, भरलेल्या गाडीचे वजन ३,४९० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,७९० किलो आहे. फरक झाला १,७०० किलो. आता त्यातून वजा करत चला. ड्रायव्हर आणि सोबत दोघे, मिळून १९५ किलो. गाडी घेतल्यावर गावात बसवून घेतलेले लोखंडी कठडे १०० किलो. ताडपत्री, दोर, हत्यारे २५ किलो. उरले १,३८० किलो. म्हणजे १७ क्विंटलची समजून घेतलेली गाडी प्रत्यक्षात पावणेचौदा क्विंटल कांद्याची निघाली.

म्हणून गाडी घेताना "किती टनी" एवढे विचारून थांबू नका. दोन्ही वजने विचारा, वहीत लिहा, आणि ही वजाबाकी तिथेच करा. गाडी घरी आली आणि कठडे बसवले की एकदा भुईकाट्यावर रिकामी वजन करून घ्या. ती पावती गाडीत ठेवा. पुढे प्रत्येक फेरीला ती उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न : हौदा केवढा?

"हौदा मोठा तेवढं बरं," असे सगळे म्हणतात. पण टोमॅटो किंवा द्राक्ष नेणाऱ्याने कॅरेट मांडून पाहावे. साधारण ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा घ्या. प्लॅस्टिकचे कॅरेट सुमारे पावणेदोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद असते. लांबीत ५ बसतात, रुंदीत ४. एका थरात २० कॅरेट.

टोमॅटोच्या कॅरेटमध्ये २० किलो माल आणि रिकाम्या कॅरेटचे दोन किलो, असे २२ किलो धरा. तीन थर लावले तर ६० कॅरेट, १,३२० किलो. आपल्या वरच्या हिशोबातल्या गाडीला एवढे बरोबर पेलते. चौथा थर लावला की १,७६० किलो झाले. पाचवा लावला की २,२००. जागा तर आहे, दोर बांधला की माल हलत पण नाही. पण गाडी केव्हाच मर्यादेबाहेर गेलेली असते.

म्हणजे जागा आधी संपत नाही, वजन आधी संपते. मोठा हौदा घेतला की हात आवरत नाही. रोज पाच थर लावायचे असतील तर मोठ्या हौद्याची गाडी घेऊन भागणार नाही, जास्त वजन पेलणारी गाडीच घ्यायला हवी. नाहीतर दोन फेऱ्या करायला हव्यात. याच्या उलट, कोथिंबीर, मेथी, फुले, कोबी-फ्लॉवर असा हलका पण जागा खाणारा माल असेल तर लांब हौदा जरूर घ्या.

द्राक्षवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जास्त वजनाच्या गाडीचे मागचे पाटे कडक असतात. ते भाराने दबले तरच गाडी मऊ चालते. कमी माल घेऊन तीच गाडी खड्ड्यातून नेली तर हादरे सरळ मालाला बसतात आणि मणी सुटतात. तेव्हा जिथे दहा-अकरा क्विंटलच न्यायचे आहेत तिथे दोन टनी गाडी घेऊन मालाचे भले होत नाही. आपल्या नेहमीच्या भाराला जुळेल तीच गाडी बरी.

भार नेहमी पुढच्या बाजूने लावत यावे. सगळे वजन फाळक्याकडे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हाताला लागत नाही. असे झाले तर समजा की माल चुकीचा लावला आहे.

चौथा प्रश्न : इंजिनात काय पाहावे?

शोरूमवाले हॉर्सपॉवर सांगतात. हॉर्सपॉवर वेगाच्या कामी येते. आपल्याला पाहिजे ओढ. भरलेली गाडी मळ्यातून बांधाच्या चढावर निघताना, घाटात वळणावर थांबून पुन्हा उचलताना जी ताकद लागते ती म्हणजे ओढ. कागदावर ती "टॉर्क" या शब्दाने आणि न्यूटन-मीटर या मापात लिहिलेली असते. हा आकडा पाहा. आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो तेही पाहा. कमी फेऱ्यांवर मिळत असेल तर चांगले, कारण मग क्लच जाळत गाडी उचलावी लागत नाही.

चारही चाकांना ओढ असलेली गाडी घ्यावी का? निफाडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात मागच्या दोन चाकांची गाडी रुतते, हे खरे. पण अशा दिवशी आपण माल ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यापर्यंत आणतोच. वर्षातल्या चार-सहा दिवसांसाठी कायमचे जास्त पैसे, जास्त वजन आणि जास्त डिझेल परवडते का, ते ज्याचे त्याने पाहावे. सुरगाणा-पेठकडच्या डोंगरात ज्यांचे घरच कच्च्या चढावर आहे, त्यांचा हिशोब वेगळा येईल.

सीएनजीवर चालणारी गाडी घेणार असाल तर पंप गावापासून किती लांब आणि तिथे रांग किती, हे आधी पाहा. सिलिंडरचे वजन रिकाम्या गाडीच्या वजनात येते, म्हणून वजाबाकी पुन्हा करा. डिझेलची घेणार असाल तर तिला वेगळे युरियाचे द्रावण भरावे लागते का तेही विचारा. काही गाड्यांना लागते, काहींना नाही. हे द्रावण म्हणजे आपल्या शेतातला युरिया पाण्यात घोळलेला नव्हे! तसे कोणी केले तर यंत्रणा खराब होते आणि खर्च मोठा येतो.

पाचवा आणि सर्वांत मोठा प्रश्न : गाडी थांबते कशी?

मंडळी, गाडी ओढते किती हे सगळे विचारतात. थांबते कशी हे फार थोडे विचारतात. आणि जीव जातो तो इथेच.

आपला जिल्हा घाटांचा. मुंबईला जायचे तर कसारा घाट, मालेगावकडे जाताना चांदवडच्या पुढे राहुड घाट, पेठकडे सावळघाट, पुण्याच्या वाटेवर संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाट. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. साडेतीन टनांची गाडी एवढी खाली आली की तिचा जोर कुठेतरी मुरावा लागतो. ब्रेकने मुरवला तर त्याची उष्णता होते. किती? साधारण ३० लिटर गार पाण्याला उकळी आणण्याएवढी. दोन हंडे पाणी चुलीवर उकळायला किती सरपण लागते ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. तेवढी धग त्या चार चाकांच्या ब्रेकमध्ये काही मिनिटांत तयार होते. लायनर तापून वास सुटतो, पायाखालचा ब्रेक नरम पडतो, आणि गाडी ऐकेनाशी होते. त्यात दहा क्विंटल माल जास्त भरला असेल तर धग त्याच प्रमाणात वाढते.

यावर उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनावर धरून ठेवा, ब्रेक मधूनमधून दाबा, सारखा पाय ठेवून बसू नका. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे हे पाप समजा. नव्या डिझेल गाडीत गिअर टाकून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणे आपोआप बंद होते. म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही. चावी बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेकला आणि स्टेअरिंगला इंजिनाचीच मदत असते. इंजिन बंद झाले की दोन्ही जड होतात.

आणखी एक लक्षात ठेवा. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. लिलाव सुटेल म्हणून घाई करणाऱ्या पोराला हे एकदा समजावून सांगा.

म्हणून गाडी निवडताना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत का, चाके अडकून घसरू न देणारी एबीएस व्यवस्था आहे का, टायर किती भाराचे आहेत, हे विचारा. आणि चालवून पाहताना रिकाम्या गाडीने डांबरी रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. तीच गाडी असलेला ओळखीचा शेतकरी शोधा. त्याच्याबरोबर भरल्या गाडीत बसून एकदा चढ-उतार करून या. अर्ध्या दिवसाची मजुरी जाईल, पण पाच वर्षांचा पश्चात्ताप वाचेल.

मागे काही ओढायचे असेल तर

काही जणांना पिकअपच्या मागे जोडून काही न्यायचे असते. कोणाला पाण्याची टाकी, कोणाला फवारणीचा ब्लोअर, तर गंगापूर, करंजवण, गिरणा अशा धरणांवर मासेमारी करणाऱ्यांना होडी. हे काम आपण समजतो तेवढे सोपे नाही.

पहिली गोष्ट, गाडीच्या पुस्तकात मागे किती वजन ओढता येईल ते लिहिले आहे का पाहा. लिहिले नसेल तर ओढू नये. वेल्डिंगवाल्याकडून आकडा बसवून घेतला म्हणजे गाडी ओढायला लायक झाली असे नव्हे. दुसरी गोष्ट, ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. तिसरी, ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या आकड्यावर यावा असे वजन लावतात. आकड्यावर भार कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलतो आणि गाडीला घेऊन पडतो. फार जास्त पडला तर गाडी मागे बसते. जो भार आकड्यावर येतो तो आपल्या वजाबाकीतही धरावा लागतो. चौथी, ज्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही तो भरून घाटात नेऊ नये. उतारावर तो गाडीला ढकलतो.

होडीवाल्यांनी एवढे जास्त पाहावे की धरणाच्या काठचा ओला गाळ मागच्या चाकांखाली येतो, आणि वजन असते ते पाण्याच्या बाजूला. तिथे मागच्या दोन चाकांची गाडी पाण्याकडे घसरू शकते. चार चाकांच्या ओढीचा खरा उपयोग इथे आहे. पण लहान फायबरची होडी असेल तर चौघांनी उचलून हौद्यात घालणे आणि नीट बांधणे केव्हाही बरे. ब्लोअर आणि पाण्याची टाकी यांना ट्रॅक्टर आहे, तो त्याच कामासाठी बनवला आहे. ते काम त्याच्याकडेच राहू द्या.

माल वेगळा, माणूस वेगळा

आता जे सांगायचे ते जरा मन लावून वाचा.

द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला, कांद्याच्या लागणीला पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या पाड्यांवरून मजूर येतात. पहाटे पिकअप जाते आणि हौद्यात वीस-पंचवीस बायामाणसे उभी राहून येतात. संध्याकाळी अंधारात तशीच परत जातात. आपल्या सवयीचे झाले म्हणून त्यात काही वाटत नाही.

पण विचार करा. कांद्याची गोणी वळणावर सरकत नाही, एका जागी बसून राहते. माणसे उभी असतात, वळण आले की सगळी एका अंगाला जातात. त्यांचे वजन कठड्याच्या उंचीवर असते. गाडी उलटायला एवढे पुरते. आणि उलटली की हौद्यातल्या माणसाला धरायला पट्टा नाही, वर छत नाही.

मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस आणि गाडीवरचे कामगार यांचा विचार होतो. हौद्यात बसवून आणलेल्या शेतमजुरांना साधारणपणे विम्याचे संरक्षण मिळत नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकावर येते, आणि त्यात गाडीच नव्हे, जमीनही जाऊ शकते. गेलेला जीव तर कोणालाच भरून देता येत नाही. ती कोणाची तरी आई असते, कोणाची लेक असते. तेव्हा मजूर आणायचेच असतील तर माणसांची परवान्याची गाडी ठरवा. चार-पाच बागायतदारांनी मिळून एक ठरवली तर खर्च वाटून जातो. नवी पिकअप घेतानाच घरात हा नियम करून टाका की हौद्यात फक्त माल.

कागदपत्रांचे थोडेसे

भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्याच्या वर गेले की लागतो. गाडी निवडताना हा फरक ध्यानात घ्या. लहान गाडीने भागत असेल तर एक कटकट कमी.

नव्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र पहिली दोन वर्षे चालते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते करून घ्यावे लागते.

साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र मालवाहू गाडी चालवणाऱ्याचे वय २० वर्षे पूर्ण हवे. अठराव्या वर्षी लायसन निघाले म्हणून पोराच्या हाती चावी देऊ नका.

जादा भार भरला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे कायद्यात २०,००० रुपये आणि जादा दर टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच.

कर्ज काढताना

आठ लाख रुपये, शेकडा १० व्याज. पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे सव्वादोन लाख जाते. मुदत सात वर्षांची केली तर हप्ता १३,३०० च्या आसपास येतो, हलका वाटतो, पण व्याज सव्वातीन लाखांच्या घरात जाते. म्हणजे हलक्या हप्त्याची किंमत एक लाख.

आणि आपल्या भावाचा भरवसा नसतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली. त्या पाच महिन्यांत कांद्याचे दर कोसळले, पण गाडीचा हप्ता कोणाचा थांबला नाही. म्हणून हप्ता असा ठरवा की कांदा मातीमोल गेला तरी दूध, भाजी किंवा घरातल्या पगारातून तो निघाला पाहिजे. पिकाच्या हंगामाला धरून सहामाही हप्ते मिळतात का, तेही दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय गाडी उचलू नका.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुने दरपत्रक हाती असेल तर नवे मागून घ्या.

शोरूमला जाताना खिशात ठेवायची यादी

१. वर्षाच्या फेऱ्या आणि एका फेरीचा नेहमीचा माल, किलोमध्ये.
२. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, आणि त्यांची वजाबाकी.
३. त्यातून माणसे, कठडे, ताडपत्री वजा करून उरलेला खरा माल.
४. आपले कॅरेट टेप लावून मोजलेले, आणि हौद्याची आतली लांबी-रुंदी.
५. टॉर्क किती आणि किती फेऱ्यांवर.
६. ब्रेक, एबीएस, टायरचा भार.
७. जवळचे सर्व्हिस सेंटर किती कोसांवर, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का. हंगामात गाडी चार दिवस उभी राहिली तर तोडा वाया जातो.
८. गाडीची किंमत, कर, नोंदणी, विमा, हे सगळे वेगवेगळे लिहून घेतलेले दरपत्रक. निदान दोन ठिकाणचे.
९. हप्ता, मुदत, आणि मुदतीआधी फेडले तर दंड आहे का.

ही यादी भरून झाली की गाडी आपोआप ठरते. जी गाडी तुमचा नेहमीचा माल मर्यादेत राहून नेते, घाटात धरून उतरते, आणि वाईट वर्षातही जिचा हप्ता निघतो, ती तुमची गाडी. त्याहून मोठी नको, लहानही नको. आणि यादी भरताना "भाड्याचीच बरी" असे उत्तर आले, तर त्यात कमीपणा मानू नका. दारात गाडी नसली तरी सातबारा कोरा आहे, हे काही थोडे नव्हे.

हे पत्रक घरातल्या पोरांना वाचायला द्या, घरच्या बाईला वाचून दाखवा. हप्ता सगळ्यांच्या कष्टातून जाणार आहे, तेव्हा ठरवतानाही सगळ्यांनी बसून ठरवा. मग मुहूर्त पाहा, नारळ फोडा आणि बिनघोर गाडी आणा.

राम राम.